नळ्या स्वच्छ, मग छातीत दुखलं कशाने?

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका
यांस,



पावसाळ्यातल्या कुठल्याही रात्री घाटकोपरच्या राजावाडीत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये किंवा कांदिवलीच्या शताब्दीत कॅज्युअल्टीच्या दाराशी उभं राहिलं, तर तापाच्या रुग्णांची रांग हटत नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, साधा व्हायरल. या गर्दीत अधूनमधून एक वेगळा रुग्ण येतो. वय पंचवीस-तीस. आठवड्यापूर्वी ताप येऊन गेलेला, दोन दिवस जुलाब झालेले, मग बरं वाटलं म्हणून पुन्हा कामावर रुजू झालेला. आणि पहाटे छातीत असं दुखायला लागलं, की घरच्यांनी रिक्षात घालून आणलेला. ईसीजी काढला, तर रेघ उचललेली दिसते. तपासणीत ट्रोपोनिन वाढलेलं येतं. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, "हार्ट अटॅक दिसतोय." धावपळ होते, अँजिओग्राफी होते, आणि हृदयाच्या तिन्ही मुख्य नळ्या स्वच्छ निघतात.

घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. "ब्लॉकेज नाही ना? मग काही नाही."

या "काही नाही"साठीच हे पत्र आपल्याला लिहिलं आहे. कारण ट्रोपोनिन वाढलेलं असतं, तेव्हा काही नाही असं होत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असते. नळी बंद नसेल तर ती इजा कशाने झाली, हा प्रश्न उरतो. त्याचं एक मोठं उत्तर म्हणजे मायोकार्डायटिस, हृदयाच्या स्नायूला आलेली सूज.

ट्रोपोनिन हे स्नायूच्या पेशीतलं प्रथिन. पेशीला मार बसला की ते रक्तात उतरतं. तो मार रक्तपुरवठा तुटल्याने बसला की विषाणूने, हे त्याला सांगता येत नाही. अग्निशमन दल आपल्याच अखत्यारीत आहे. लांबून धूर दिसला तर जवान आधी बंब घेऊन निघतात आणि आग कशाने लागली हे जागेवर गेल्यावर पाहतात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही तसंच करावं लागतं आणि त्यांनी तसंच करायला हवं. पण आग विझली म्हणून पंचनामा न करता दल परत येत नाही. अँजिओग्राफी स्वच्छ आल्यावर मात्र अनेकदा हा पंचनामा राहूनच जातो.

अनुभवी डोळ्यांना ईसीजीच्या कागदावर काही खुणा दिसतात. एक मिलिमीटरच्या चौकटींचा तो गुलाबी कागद सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने सरकतो. हार्ट अटॅकमध्ये एक ठरावीक नळी बंद झालेली असते. त्यामुळे त्या नळीच्या हद्दीकडे पाहणाऱ्या लीड्समध्ये रेघ वर उचलली जाते आणि समोरच्या बाजूच्या लीड्समध्ये ती खाली दबते. स्नायूच्या आणि त्यावरच्या आवरणाच्या सुजेत रेघ बऱ्याच ठिकाणी एकाच वेळी उचललेली असते आणि समोरची दबलेली बाजू सापडत नाही. आवरणही सुजलं असेल तर आडवं झाल्यावर दुखणं वाढतं आणि पुढे वाकून बसलं की थोडं हलकं वाटतं.

पण या खुणांवर विसंबून अटॅक नाहीच, असं कुणी ठरवू नये. मायोकार्डायटिस कधीकधी एकाच बाजूला धरतो आणि ईसीजी हुबेहूब अटॅकसारखा दिसतो. उलट, तिशीच्या आतल्या माणसाला खराखुरा अटॅक येणंही आपल्याकडे नवीन राहिलेलं नाही. म्हणून "तरुण आहे, गॅस असेल" म्हणून घरी थांबणं जितकं धोक्याचं, तितकंच "ताप आला होता, सूज असेल" म्हणून अँजिओग्राफी टाळणंही. आधी नळ्या पाहायच्या, हा क्रम कुणी मोडू नये. हे पत्र त्याच्या पुढच्या पायरीचं आहे.

अँजिओग्राफी झालेल्या हार्ट अटॅकच्या दर शंभर रुग्णांमागे साधारण पाच-सहा जणांच्या नळ्यांत मोठा अडथळा सापडत नाही. अशा रुग्णांच्या हृदयाच्या एमआरआयच्या निष्कर्षांचं एकत्रित विश्लेषण 2015 साली प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना मायोकार्डायटिस होता. बाकीच्यांपैकी काहींना खरोखरच अटॅक येऊन गेला होता आणि नळीतली गुठळी नंतर विरघळली होती. काहींना टाकोत्सुबो होता. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा खालचा भाग फुगून थिजतो, तो हा आजार, प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांना होणारा. या तिघांचे उपचार तीन वेगळे आणि पुढचा काळही वेगळा.

हा फरक एमआरआयमध्ये कसा दिसतो, ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा दिसतो आणि इजा झालेला भाग पांढरा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि तिथून त्यांच्या फांद्या आत शिरतात. त्यामुळे नळी बंद झाली की सर्वांत आतल्या थराला सगळ्यात आधी पाणी तोडल्यासारखं होतं. अगदी इमारतीच्या शेवटच्या नळासारखं. म्हणून अटॅकचा पांढरा पट्टा नेहमी आतून सुरू होतो आणि बाहेर पसरतो. मायोकार्डायटिसचा पांढरा पट्टा बहुतेकदा बाहेरच्या कडेला किंवा स्नायूच्या मधोमध असतो आणि आतला थर काळाच राहतो. याच एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत स्नायूतलं पाणी, म्हणजे ताजी सूज, उजळ दिसते. या दोन्ही खुणा एकत्र वाचण्याचे निकष 2009 साली ठरले आणि 2018 साली सुधारले. लेक लुईस निकष म्हणून ते जगभर वापरात आहेत. पण ताजी सूज ओसरू लागली की चित्र धूसर होत जातं. तपासणी पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. दोन महिन्यांनी मिळालेल्या तारखेचा उपयोग त्या मानाने फार थोडा.

आता हे सगळं मुंबई महापालिकेच्याच आयुक्तांना का सांगायचं? कारण या आजाराची मुंबईतली कहाणी पावसाच्या पाण्याशी जोडलेली आहे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाणी ओसरलं आणि नंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने शहर हादरलं. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरलेले जंतू पायाच्या जखमेतून शरीरात गेले, एवढं तेव्हापासून मुंबईकराला पाठ आहे. कावीळ, मूत्रपिंड बंद पडणं, फुप्फुसात रक्तस्राव, हेही ठाऊक आहे. हृदयाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. बोलला तो आपल्याच के.ई.एम. रुग्णालयाचा विकृतिशास्त्र विभाग. तिथल्या डॉक्टरांनी लेप्टोने दगावलेल्या रुग्णांची हृदयं शवविच्छेदनात तपासली आणि निष्कर्ष 2008 साली 'जर्नल ऑफ इन्फेक्शन'मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत दाह आढळला. पालिकेच्या रुग्णालयात, पालिकेच्या डॉक्टरांनी, मुंबईच्या रुग्णांवर केलेलं हे काम आहे. जगातल्या कुठल्याही शहराने अभिमानाने जपावं असं.

डेंग्यूही हृदयाच्या स्नायूला धरतो. कॉक्सॅकी, अॅडिनो, पार्व्हो, इन्फ्लुएन्झा हे विषाणू तर मायोकार्डायटिसची जुनी कारणं. घटसर्पाचं विष हृदयावर उतरतं, हे आपल्या आजीच्या पिढीतल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. 2020 च्या उन्हाळ्यानंतर परळच्या वाडिया रुग्णालयात कोविडनंतर सर्वांगाला दाह झालेली मुलं येऊ लागली, तेव्हा त्यांच्यातही हृदयाच्या स्नायूला सूज सापडत होती.

आणि इथेच चुकीच्या शिक्क्याची किंमत मोजावी लागते. हार्ट अटॅक म्हटला की रक्त पातळ करणारी औषधं येतात. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टीपर्यंत पोहोचणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. नळी खरोखर बंद असेल तर हीच औषधं प्राण वाचवतात. पण डेंग्यूत आणि लेप्टोत प्लेटलेट्स खाली आलेल्या असतात, आणि लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होण्याची भीती आधीच असते. अशा रुग्णाला अटॅक समजून ही औषधं दिली गेली, तर त्याचा फायदा शून्य आणि रक्तस्रावाचा धोका पुरेपूर. बोरिवलीहून परळ 25 किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाने मिलन सबवे आणि अंधेरी सबवे भरलेले असताना ते अंतर किती वेळाचं होतं, हे उपनगरातल्या माणसाला विचारू नये. तिथे इंजेक्शन देण्याचा निर्णय घेणारा कॅज्युअल्टीतला तरुण निवासी डॉक्टर एकटा असतो.

त्याच्या हाताशी तेव्हा फक्त दोन साध्या गोष्टी हव्यात. एक प्रश्न आणि एक चाचणी. "गेल्या तीन आठवड्यांत ताप, जुलाब किंवा सर्दी-खोकला झाला होता का? साचलेल्या पाण्यातून चालत गेला होतात का?" हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. आणि ट्रोपोनिनसोबतच पाठवलेली प्लेटलेट्सची तपासणी. यातलं एकही उत्तर रुग्णाला कॅथलॅबकडे पाठवायला उशीर करत नाही. पण इंजेक्शनची सुई टोचण्याआधी, वरिष्ठांना फोन लावण्याआधी, डॉक्टरच्या हाती खरी माहिती येते.

गोव्यात 2018 पासून गावोगावच्या सरकारी रुग्णालयांतले ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचवणारी 'स्टेमी गोवा' ही योजना चालते. लहान जागी बसलेल्या डॉक्टरला मोठ्या जागच्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पालिकेच्या प्रत्येक कॅज्युअल्टीतून ईसीजी के.ई.एम., शीव आणि नायरच्या तज्ज्ञांपर्यंत रात्री-बेरात्री जाईल आणि त्याच संदेशात तापाचा इतिहास आणि प्लेटलेट्सचा आकडाही जाईल, अशी व्यवस्था मुंबईला अवघड नाही.

पुढचा काळ कसा असतो? इथे दिलासा देणारी गोष्ट आहे आणि ती रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतातल्या रुग्णालयांनी मायोकार्डायटिसच्या 443 रुग्णांचा मागोवा घेऊन 2018 साली निष्कर्ष मांडले. त्यातल्या सुमारे 73 टक्के रुग्णांना दाखल होताना गुंतागुंत नव्हती. पाच वर्षांत त्यांच्यापैकी एकाचाही हृदयामुळे मृत्यू झाला नाही, एकावरही हृदय प्रत्यारोपणाची वेळ आली नाही. उरलेल्या 27 टक्क्यांचं चित्र मात्र वेगळं होतं. त्यांच्यात हृदयाची पंप करण्याची ताकद 50 टक्क्यांच्या खाली गेली होती, किंवा ठोके धोकादायक रीतीने बिघडले होते, किंवा रक्ताभिसरणच कोसळलं होतं. त्यांच्यापैकी 14.7 टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले किंवा त्यांचं हृदय बदलावं लागलं. म्हणजे छातीत दुखून आलेला, टू-डी इकोत पंप चांगला दिसणारा तरुण बहुधा पूर्ण बरा होतो. धाप लागून, चक्कर येऊन, रक्तदाब पडून आलेल्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवायला हवं. आजार काही तासांत विकोपाला जातो तेव्हा एक्मोच्या यंत्रावर रक्ताभिसरण चालू ठेवून स्नायू सावरेपर्यंत वेळ काढावा लागतो, आणि तो वेळ मिळाला तर अनेक जण उठून घरी जातात. जायंट सेल नावाचा एक दुर्मीळ आणि क्रूर प्रकार असतो, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लवकर सुरू करावी लागतात. त्याचं निदान हृदयाच्या स्नायूचा तुकडा तपासल्याशिवाय होत नाही.

पण पूर्ण बरा होणाऱ्यालाही एक पथ्य आहे, आणि ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं क्वचितच दिसतं. सुजलेल्या स्नायूवर ताण पडला तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. म्हणून साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद. अलीकडे हा काळ प्रत्येकाच्या तपासण्या पाहून कमी-जास्त करावा असं तज्ज्ञ म्हणतात, पण पुन्हा सुरू करण्याआधी इको, चोवीस तासांचा होल्टर आणि ट्रेडमिल टेस्ट यांतून जावं लागतं, याबद्दल दुमत नाही. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याला कोविडनंतर जानेवारी 2022 मध्ये हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं आढळलं. वर्षाला कोट्यवधी युरो मिळवणाऱ्या क्लबने त्याला मैदानाबाहेर बसवलं. तो एप्रिलमध्ये परतला, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर.

उपनगरात त्या जागी गोविंदा असतो. दहीहंडीचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो, म्हणजे ऐन तापाच्या हंगामात. जोगेश्वरी, घाटकोपर, बोरिवलीच्या मंडळांतली पोरं रात्री दहानंतर थर लावतात, सकाळी कामाला जातात. खालच्या थराला उभ्या राहिलेल्या मुलाच्या खांद्यावर पाच-सहा जणांचं वजन असतं. चार दिवसांपूर्वी ताप उतरलेला मुलगा "सराव चुकला तर जागा जाईल" म्हणून उभा राहतो. मंडळांना परवानग्या देताना पालिका आणि पोलीस सुरक्षेच्या सूचना देतातच. त्यात एक ओळ वाढवता येईल: ताप येऊन गेलेल्या गोविंदाला छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा ठोके चुकल्यासारखे वाटत असतील, तर त्याने थरात उभं राहू नये आणि आधी ईसीजी काढून घ्यावा. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना आणि नवरात्रात रात्रभर गरबा खेळणाऱ्यांनाही हीच ओळ लागू.

एका अफवेबद्दलही बोललं पाहिजे. कुणी तरुण अचानक गेला की व्हॉट्सअॅपवर दोष लशीवर येतो. मायोकार्डायटिस हा एमआरएनए प्रकारच्या लशींचा ज्ञात पण विरळ परिणाम आहे, प्रामुख्याने तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर, आणि बहुतेक जण त्यातून बरे होतात. मुंबईत जवळजवळ सगळ्यांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी त्या प्रकारच्या नव्हेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 47 रुग्णालयांत 18 ते 45 वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लशीने धोका वाढल्याचं आढळलं नाही. वाढलेला धोका दिसला तो कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत, घरात अचानक मृत्यूचा इतिहास असणाऱ्यांत, आणि मृत्यूच्या आधीच्या 48 तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. आपल्या आरोग्यसेविका घरोघरी जातात तेव्हा ही माहिती त्यांच्याकडे असावी.

मागण्या थोड्या आहेत. उपनगरातल्या प्रत्येक पालिका रुग्णालयात ट्रोपोनिन आणि प्लेटलेट्सची तपासणी रात्रीही व्हावी. ज्या रुग्णालयांत हृदयाचा एमआरआय करण्याची यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं आहेत, तिथे दर आठवड्याला काही वेळा केवळ अशा रुग्णांसाठी राखाव्यात, म्हणजे दोन आठवड्यांची मुदत टळणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्च बसतो. स्वच्छ नळ्यांनंतरच्या या तपासणीचा खर्च कुठे बसतो, हे रुग्ण खाटेवर असतानाच नातेवाइकांना कळावं, त्यांना खिडकी-खिडकीवर चिठ्ठी घेऊन फिरावं लागू नये. "आपला दवाखाना"तल्या डॉक्टरांना पावसाळ्यापूर्वी एका दुपारचं प्रशिक्षण मिळावं. ताप उतरल्यावर छातीत दुखणाऱ्या तरुणाला पोटाच्या गोळ्या देऊन परत पाठवायचं नाही, एवढं त्यातून पक्कं झालं तरी पुष्कळ आहे. आणि डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात "नॉर्मल कोरोनरीज" लिहून थांबू नये. ती नळ्यांची स्थिती झाली, रोगाचं नाव नव्हे. त्या कार्डावर तो माणूस उद्या विमा काढतो, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला जातो, ड्रायव्हिंगचा परवाना नूतनीकरणाला टाकतो. अटॅक नसताना अटॅकचा शिक्का त्याला आयुष्यभर पुरतो, आणि सूज असताना "काही नाही" लिहिलं तर तो पुढच्या आठवड्यात जिममध्ये असतो.

यातली सगळ्यात स्वस्त मागणी शेवटी. केसपेपरच्या पहिल्या पानावर, नाव आणि वयाच्या खाली, एक रकाना वाढवावा: "गेल्या तीन आठवड्यांत ताप / जुलाब / साचलेल्या पाण्यातून चालणं: होय / नाही." पुढच्या जूनआधी तो उपनगरांतल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत छापून यावा, ही विनंती.

कळावे,
उपनगरातला एक नागरिक